अक्काच्या हातचं सोल्युशन

अक्काच्या दुकानात बसायला जागा नाही. दुकान सोफे दुरुस्त करायचं. आत खुर्च्यांचा ढीग आणि दोन-तीन सोफे कायम असतात, पण एकाला बैठक नाही, दुसऱ्याला पाठ नाही, तिसऱ्याच्या नुसत्या स्प्रिंगा वर आलेल्या. गिऱ्हाईक आलं की उभंच राहतं. "बसा म्हणायची सोय नाही, बोला," असं अक्का म्हणते. त्यावर अर्धी माणसं हसतात आणि अर्धी रागावतात. रागावलेलीही परत येतात, कारण अक्काने ओढून बसवलेलं रेक्झिन वर्षानुवर्षं सुरकुतत नाही.

लग्न अक्काने केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर ती म्हणायची, "स्थळं आली होती, पण सगळ्यांची बैठक कच्ची." खरं कारण एवढंच की आई गेली तेव्हा धाकटा भाऊ रांगत होता आणि वडिलांना कामातून मान वर काढायला सवड नव्हती. अक्काने त्याला दुकानातल्या कापसाच्या ढिगात झोपवून वाढवला. त्याचं नाव पडलं बाळ्या. बाळ्याला मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं, चाळिशी उलटून डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी नाव बाळ्याच राहिलं. भावजय घरात आली तेव्हा अक्काने पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "हा मुलखाचा नाटकी आहे. रडला तरी आधी खरं-खोटं बघून घे."

नाटकी तर तो होताच. जुन्या सोफ्याच्या फटीत काय सापडेल याचा नेम नसतो. कंगवे, चमचे, किल्ल्या, काय वाटेल ते निघतं. एकदा एका निवृत्त मास्तरांच्या सोफ्यातून त्यांची कवळी निघाली. बाळ्याने ती दोन बोटांत धरली आणि तिची उघडझाप करत मास्तरांच्याच आवाजात सगळ्या खुर्च्यांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. मास्तर नेमके दारात येऊन उभे राहिलेले. अक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळ्याने मात्र मास्तरांकडे बघून एक डोळा मिचकावला आणि त्यांचंही नाव हजेरीत घेतलं. मास्तर पोट धरून हसले आणि "हजर" म्हणाले. अशा माणसावर कोण किती वेळ रागावणार?

वडिलांनी दोघांना धंदा शिकवताना पहिला नियम सांगितला होता तो हा, की गिऱ्हाइकाच्या कापडाला रक्त लागता कामा नये. कात्री, दाभण, पिना, स्प्रिंगांची टोकं. या कामात हाताला लागणं रोजचंच. लागलं की चिंधी शोधत बसायचं नाही. फोम चिकटवायच्या सोल्युशनचा डबा हाताशी उघडाच असतो. त्यात बोट बुडवायचं, लागलेल्या जागी थापायचं आणि फुंकर मारायची. क्षणभर चुरचुरतं, मग त्याची रबरासारखी साल धरते, रक्त थांबतं आणि हात पुन्हा कामाला लागतो. आठवड्याभरात साल आपोआप सुटून येते. वडिलांनी जन्मभर हेच केलं आणि ते चांगले म्हातारे होऊन गेले. त्यामुळे या घरात सोल्युशन लावलं की जखम संपली. तिचं नावही पुन्हा कोणी काढत नसे.

त्या दिवशी दुकानात एक सडका सोफा आला. कोणाच्या तरी तळघरात गटाराचं पाणी शिरलं होतं, त्यात तो भिजून पुन्हा वाळलेला होता. बाळ्याने कापड टराटरा फाडलं, आतला काळा पडलेला काथ्या उपसला आणि स्प्रिंग मोकळी करायला गेला. तिचं गंजकं टोक त्याच्या उजव्या तळहातात, अंगठ्याखालच्या मांसल भागात खोल रुतलं. "मेलो!" असं तो ओरडला, आणि लगेच जीभ बाहेर काढून डोळे फिरवून दाखवले. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं पांढरंशुभ्र रेक्झिन पसरलेलं होतं. अक्काने आधी ते ओढून बाजूला केलं. मग डब्यात बोट बुडवून तिने त्याच्या तळहातावर सोल्युशनचा जाड थर दिला, आणि तो लहान असताना मारायची तशी फुंकर मारली.

"झालं. नाटकं पुरे, कामाला लाग."

दुसऱ्या दिवशी बाळ्या म्हणाला की हात भरून आलाय. पिना मारायची बंदूक दिवसभर चालवली की हात भरून येतोच, त्यात नवल काय! संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला. भावजयीने दोन पांघरुणं घातली, तरी त्याचे दात वाजायचे थांबेनात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, छातीला नळी लावली, हवा बदलल्याचा ताप आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. त्यांच्याकडे त्या आठवड्यात तापाची रीघ लागली होती, तेव्हा त्यांना तरी काय बोलायचं. गोळीने ताप उतरला, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढच्या सकाळी अक्का चहा घेऊन गेली तेव्हा बाळ्या अंथरुणात उठून बसला होता. धावून आल्यासारखा भराभर श्वास घेत होता. अक्काकडे बघून तो म्हणाला, "आई, माझी हजेरी झाली का?"

"चहा घे. म्हणे आई!"

"मास्तर ओरडतील. माझी हजेरी..."

"बाळ्या, नाटकं पुरे हं! सगळं काम तसंच पडलंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, डोळा मिचकावणं नव्हतं, काहीच नव्हतं. अक्काने रागाने त्याचा हात धरून ओढला आणि तो हात तिला बर्फासारखा गार लागला. नखं निळसर पडली होती. भावजय दारातून म्हणाली, "अक्का, ते काल दुपारपासून लघवीलासुद्धा गेले नाहीत." तेव्हा कुठे अक्काच्या लक्षात आलं. ज्या माणसाला ती आयुष्यभर खोटं पाडत आली, तो आता नाटक करत नव्हता आणि आपण काय बोलतोय ते त्यालाच कळत नव्हतं.

घर दुकानाच्या मागेच होतं आणि टेंपोवाला सोफा न्यायला दारात आलाच होता. त्याच्या टेंपोत तयार सोफा चढवलेला होता, त्याच सोफ्यावर बाळ्याला आडवं केलं. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला भावजय. गिऱ्हाइकाचा कोरा सोफा, त्यावर बाळ्याला ओकारी झाली, आणि अक्काच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा कापडाचा विचार आला नाही. "जवळचं कुठलं?" टेंपोवाल्याने विचारलं. जवळ होतं ते खाजगी हॉस्पिटल, काचेच्या दारांचं. "चल, तिथेच चल," अक्का म्हणाली.

त्या हॉस्पिटलबद्दल पुढे लोक नाही नाही ते बोलले, पण खरं ते खरं म्हटलं पाहिजे. त्यांनी क्षणाचाही वेळ दवडला नाही. बाळ्याला ढकलगाडीवरून आत नेलं, बीपी मोजलं, उजव्या हाताच्या पाठीवर सुई टोचून सलाईन सुरू केलं, रक्त काढलं आणि अँटिबायोटिक लावलं. आतले मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. उंच, मऊ आवाजाचे. त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "याला सेप्सिस म्हणतात. शरीरात कुठेतरी जंतू शिरलेत. त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटलंय. बीपी खाली गेलंय, किडनीवर ताण आलाय. औषध चालू केलंय, पण जंतू कुठून शिरले ते सापडलं पाहिजे, नाहीतर नुसत्या औषधाने भागणार नाही. मला आठवून सांगा. कुठे जखम आहे? फोड, गळू? काही कापलं, टोचलं?"

"नाही," अक्का म्हणाली.

"नाही हो," भावजयही म्हणाली.

दोघी खोटं बोलल्या नाहीत. दोघींना ते आठवलंच नाही. जखम म्हणजे जी उघडी असते, वाहते, जिला पट्टी बांधतात ती. बाळ्याच्या हातावर सोल्युशन लागलं होतं. सोल्युशनचे डाग तर त्याच्या कोपरापर्यंत कायमचेच होते, काळे-पिवळे, न निघणारे. त्यांत एक डाग कमी काय आणि जास्त काय! डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले. मग त्यांनी छातीचा फोटो काढला, पोटाची सोनोग्राफी केली, लघवी तपासली. उजवा हात सुजला तेव्हा सलाईनमुळे सुजला असेल म्हणून सुई डाव्या हाताला लावली, आणि सुजलेला हात कापसात गुंडाळून उशीवर ठेवून दिला. तळहात खाली राहिला.

बाहेरच्या खुर्च्या कोणीतरी हलगर्जीपणाने मढवलेल्या होत्या. अक्का जिथे बसली होती तिथे कोपऱ्यातली पिन वर आली होती, आणि ती पिन ती बोटाने दाबत राही. आत जायला ठरावीक वेळीच परवानगी होती. आत सगळं चकचकीत, गार. बाळ्याच्या अंगाला नळ्या, डोक्याशी पडद्यावर हिरव्या रेषा. प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळे, "जंतू कुठून आले ते अजून सापडत नाही." मग त्याला श्वास झेपेना, म्हणून तोंडात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. त्यानंतर बिलाच्या खिडकीवरचा माणूस अक्काला रोज बोलावू लागला. तोही बिचारा नोकरच, खाली मान घालून बोलायचा. घरात विकण्यासारखं होतं ते विकून झालं, दुकानावर कर्ज मिळतं का ते बघून झालं. शेवटी मऊ आवाजाचे डॉक्टर म्हणाले, "इथे आणखी ठेवणं तुम्हाला झेपणार नाही. सरकारी हॉस्पिटलात माझ्या ओळखीचे लोक आहेत, मी फोन करतो." त्यांनी खरोखरच फोन केला. अक्काने त्यांचे पाय धरले आणि त्यांनी ते सोडवून घेतले.

सरकारी हॉस्पिटलात फोन पोहोचला होता, पण यंत्र रिकामं नव्हतं. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये तिसरी घातलेली, तिच्यावर बाळ्या. गादीवरचं रेक्झिन फाटून आतला फोम बाहेर डोकावत होता. एक पोरसवदा डॉक्टरबाई आली. केस पेनाने वर खोचलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, अंगावरचा पांढरा कोट चुरगाळलेला. तिने बाळ्याच्या तोंडातल्या नळीला एक रबरी पिशवी जोडली आणि अक्काचा हात धरून त्या पिशवीवर ठेवला.

"मावशी, यंत्र रिकामं होईपर्यंत हे यंत्र तुम्ही. अशी दाबायची, सोडायची. परत दाबायची. घाई नाही करायची आणि थांबायचं तर मुळीच नाही. जमेल?"

"जमेल."

आयुष्यभर बैठकीच्या पट्ट्या ताणून ताणून अक्काचे पंजे पुरुषासारखे झालेले. ती पिशवी दाबू लागली. दाबली की बाळ्याची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. अक्काचा श्वास आपोआप त्याच लयीत चालू लागला. तिचे हात भरून आले की भावजय दाबायची, भावजयीचे आले की अक्का. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून आपणहून उठून आली आणि म्हणाली, "द्या, मी धरते. तुम्ही दोघी चार घास खाऊन घ्या." त्या सुनेचे उपकार अक्काच्या कायम लक्षात राहिले. काचेच्या हॉस्पिटलात बाळ्याच्या जवळ बसायला मिळत नव्हतं, इथे त्याचा श्वासच तिच्या मुठीत होता. तिला वाटलं, मी थांबले नाही तर हा जाणार नाही.

दुपारी डॉक्टरबाई रक्त काढायला आली. डाव्या हाताच्या शिरा टोचून टोचून संपल्या होत्या, म्हणून तिने उजव्या हातावरचा कापूस सोडवला. हात कोपरापर्यंत टम्म फुगला होता. तिने तो उलटा केला आणि मनगट पुसायला स्पिरिटचा बोळा फिरवला. मनगट पुसलं गेलं, पण तळहातावर काहीतरी चिवट लागलं. ती वाकली.

"हे काय आहे, मावशी?"

"ते काही नाही. सोल्युशन आहे," अक्का पिशवी दाबत म्हणाली. "आमच्या कामातलं. जात नाही ते."

"पण इथे एवढं जाड कशाला लावलंय?"

"स्प्रिंग घुसली होती ना. रक्त थांबायला..."

पिशवी दाबायचं मात्र अक्काने थांबवलं नाही. डॉक्टरबाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग हातमोजे चढवून चिमट्याने त्या सालीची कड उचलली. साल एका तुकड्यात सुटून आली. तिच्याखालून जे वाहिलं त्याच्या वासाने शेजारच्या सुनेने तोंडाला पदर लावला.

"त्यांनी विचारलं नव्हतं का तुम्हाला? आधीच्या हॉस्पिटलात?"

"विचारलं होतं," अक्का म्हणाली. "मी नाही म्हणाले."

डॉक्टरबाईचा चेहरा क्षणभर तापला. ती काहीतरी जोरात बोलणार होती. मग तिने अक्काच्या हातांकडे बघितलं, त्यांच्यावरच्या तशाच काळ्या-पिवळ्या डागांकडे, आणि ती वळून सर्जनला बोलवायला धावली.

मग सगळी पळापळ झाली. सर्जन आले, त्यांनी हात दाबून बघितला आणि म्हणाले, "पू आत पार मनगटापर्यंत गेलाय. उघडून साफ करतो, पण हात कदाचित काढावा लागेल. परवानगी कोण देणार?" भावजय पुढे झाली. या बाईने लग्न झाल्यापासून अक्काला विचारल्याशिवाय साधा पडदा बदलला नव्हता, पण आता ती अक्काकडे न बघता म्हणाली, "घ्या. हात घ्या. मला माणूस द्या." अक्काला वाटलं, माझेही दोन्ही घ्या. एवढंच कशाला, हेच हात आधी घ्या.

हात मनगटापासून गेला. पण दुसऱ्या दिवशी बीपी वर आलं, आणि दुसऱ्या वॉर्डातलं एक श्वासाचं यंत्रही मोकळं झालं. अक्काने पिशवी सोडली तरी तिचा पंजा आपोआप मिटत आणि उघडत होता. संध्याकाळी बाळ्याने डोळे उघडले. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. त्याने भावजयीकडे बघितलं, मग अक्काकडे, आणि एक डोळा मिचकावला.

"नाटकं पुरे," अक्का म्हणाली, आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकून ढसाढसा रडली. वॉर्डातल्या आया हसल्या, शेजारची सून हसली, भावजयसुद्धा त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या रात्री दोघी खाटेखाली पाय मुडपून निवांत झोपल्या. डाव्या हाताने पिनांची बंदूक चालवता येईल का, असा विचार करत अक्काला झोप लागली होती.

पण किडन्यांनी साथ दिली नाही. डायलिसिसचं एक यंत्र बंद होतं, दुसऱ्यासमोर ओळ होती. डॉक्टरबाईने त्या ओळीत भांडून बाळ्याला पुढे घुसवला. त्यावरून कोणाच्या तरी नातेवाइकांनी तिला शिव्या घातल्या, आणि त्यांचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. एक डायलिसिस झालं. दुसऱ्याआधी बीपी पुन्हा कोसळलं, आणि भर दुपारी, खिडकीतून ऊन खाटेवर आलेलं असताना, पडद्यावरची रेघ सरळ झाली. डॉक्टरबाई आणि तिच्या सोबत्याने छाती दाबून दाबून बघितली. मग त्यांनी हात काढून घेतले. तेव्हा अक्का पुढे झाली. तिने उशाशी पडलेली रबरी पिशवी उचलली, नळीला जोडली आणि दाबायला लागली. छाती वर आली, खाली गेली.

"मावशी, आता नको."

अक्का दाबत राहिली.

"मावशी, सोडा. गेले ते."

डॉक्टरबाईला अक्काची बोटं एकेक करून उकलावी लागली. बाहेर जिन्यावर अक्काने तिला गाठलं. "एक सांगा. पहिल्या दिवशीच मी हो म्हणाले असते तर वाचला असता?" डॉक्टरबाई कठड्याला टेकली. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. "नक्की नाही सांगता येत," ती म्हणाली. "अशा आजारात पहिले काही तासच हातात असतात. जखम तेव्हा उघडली असती तर... शक्यता बरीच होती." अक्काला हो तरी हवं होतं किंवा नाही तरी. यातलं काहीच न मिळता ती जिना उतरली.

घरी माणसं जमली. चुलतभाऊ, मेहुणे, गल्लीतले. टेंपोवाला तर पेटूनच उठला होता. काचेच्या हॉस्पिटलात एवढे दिवस ठेवून घेतलं आणि त्यांना साधी हातातली जखम दिसली नाही, चला, त्यांच्या काचाच फोडू. पाच-सहा जण उठलेही. अक्का दारात आडवी उभी राहिली.

"त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "बघायला चुकले असतील ते. पण त्यांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले. फोडायचं तर माझं डोकं फोडा."

"आम्ही दोघी म्हणालो," आतून भावजयीचा आवाज आला. ती उठून आली आणि अक्काच्या शेजारी उभी राहिली. माणसं एकेक करून खाली बसली.

त्यानंतर त्या दोघींमध्ये या गोष्टीचा शब्द निघाला नाही. भावजयीने कधी बोल लावला नाही; लावला असता तर अक्काला बरं वाटलं असतं. पोटासाठी दुकान उघडावं लागलं. बाळ्याच्या जागी भावजय शिलाईच्या मशीनवर बसू लागली. गिऱ्हाइकं येऊन उभी राहायची आणि अक्का नुसतं "बोला" म्हणायची, पुढचं काही नाही. त्या सडक्या सोफ्याचा मालक परत कधी आलाच नाही. अक्काने तो सोफा मागच्या बोळात नेऊन तोडला, एकेक स्प्रिंग पक्कडीने ओढून काढली, आणि तोडून झाल्यावर त्या ढिगाऱ्यापुढे बसून राहिली.

एका सकाळी भावजय दुहेरी रेक्झिन शिवत होती. सुई सटकली आणि तिच्या बोटातून आरपार गेली. ती ओरडली नाही. चाक उलटं फिरवून तिने सुई काढली, आणि रक्ताचा थेंब खाली पडायच्या आत डावा हात सवयीने बाजूला गेला, सोल्युशनच्या डब्यात. इतकी वर्षं तिने या घरात हेच बघितलं होतं.

अक्काने डबा असा उडवला की तो भिंतीवर आपटून सगळीकडे सांडला. भावजयीचं बोट तिने नळाखाली धरलं, खसाखसा धुतलं. रक्त नव्या रेक्झिनवर पडलं, कोणाच्या ते कोण जाणे. मग दुकान तसंच उघडं टाकून तिने भावजयीला हाताला धरून ओढत सरकारी हॉस्पिटलात नेलं. "अहो अक्का, सुई तर लागलीय," भावजय वाटभर म्हणत होती. "लोक हसतील." अक्का ऐकत नव्हती. ओळ दरवाजाबाहेर गेलेली. कोणाचं डोकं फुटलेलं, कोणाचा पाय मोडलेला, आणि त्यांच्यामध्ये या दोघी, एक बोट धरून.

टेबलामागे तीच डॉक्टरबाई होती. केसात तसाच पेन. तिने मान वर केली, पण अक्काला ओळखलं नाही. रोज किती चेहरे बघायचे, त्यात हा एक.

"काय होतंय?"

"काही नाही हो," भावजय ओशाळून म्हणाली. "जरा सुई—"

"जखम आहे," अक्का म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा झाला की ओळीतली माणसं वळून बघायला लागली. "जखम आहे तिला. मशीनची सुई आरपार गेलीय. मी वर काही लावलेलं नाही. नीट बघा."

डॉक्टरबाईने बोट बघितलं, मग भावजयीचं मनगट धरलेला पंजा बघितला. त्या पंजावरच्या काळ्या-पिवळ्या डागांवर तिची नजर थांबली आणि ती हळूच खुर्चीवरून उठली. एवढ्याशा जखमेवर ती हसली नाही. तिने बोट पुन्हा धुतलं, सगळ्या बाजूंनी दाबून बघितलं, इंजेक्शन दिलं आणि पट्टी हातात घेतली.

"मावशी," ती म्हणाली, "हात सोडा आता. मला पट्टी बांधायचीय."

अक्काला ऐकू आलं होतं. ती बोटं उघडायला बघत होती, पण बोटं उघडत नव्हती.